आईच्या फोनवरचं मराठी व्हॉइस टायपिंग, सात-आठ महिने वापरल्यावर

पोळ्याच्या आसपास आईच्या फोनवर मराठी व्हॉइस टायपिंग (आपण बोलायचं, फोन लिहितो) चालू करून दिलं होतं, आता ऊन तापायला लागलं, म्हणजे लिहिण्याएवढा वापर नक्कीच झालाय. आई सातवी शिकलेली, पेपर अख्खा वाचून काढते पण त्या बारीक कीबोर्डवर जोडाक्षरं शोधायची म्हटली की फोन बाजूला ठेवायची, त्यामुळे फॅमिली ग्रुपवर तिचे फक्त जोडलेले हात आणि गुलाबाची फुलं.

माईक मिळाला आणि बाई सुटलीच. नागपूरच्या महाल भागातल्या तिच्या लहानपणच्या मारबतीवर, म्हणजे पुतळ्यांच्या मिरवणुकीवर, एवढं लांब लिहिलं की चुलतभावानं पुण्याहून फोन केला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत निघते, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" ओरडतात, हे आमच्या पोट्ट्यांनाही माहीत आहे, पण गल्लीतली पोरं बडग्या (मारबतीसोबतचे पुरुषी पुतळे) कशी बांधायची, कोणाच्या गच्चीवर बायका दाटीवाटीनं उभ्या राहायच्या, हे घरात लिहून आलं ते आत्ताच. यासाठी मी या सोयीला पैकीच्या पैकी देईन.

आता अडचण. आई बोलते आमची नागपुरी, आणि माईक लिहितो पुस्तकातलं. "मले"चं "मला" होतं, "कायले" (कशाला) म्हटलं तर "काय" येऊन थांबतं, "बह्याड"चं (वेडपट) तर दर वेळी नवीनच काहीतरी. हे चालून गेलं असतं, पण हल्ली माईकचं बटण दाबलं की आई स्वतःच आवाज बदलून "मला वाटते की" असं बोलायला लागलीये आणि माझी चौथीतली पोरगी तिला दुरुस्त करते, आजी असं नाही असं म्हण! ते ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं, साठ-पासष्ट वर्षांची बोली एका बटणापुढं का वाकावी?

यामागचं कारण तसं साधं आहे. यंत्राला बोली शिकवायची तर आवाज आणि तो जसाच्या तसा लिहिलेला मजकूर, अशी जोडी हजारोंनी लागते. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाचं कॉमन व्हॉइस २०१७ पासून लोकांकडून आवाज गोळा करतंय, आपल्या सरकारची भारतीय भाषांसाठीची भाषिणी २०२२ मध्ये आली, तिच्या भाषादानात, म्हणजे लोकांनी भाषेचे नमुने द्यायच्या उपक्रमात, आवाज देण्यासाठी "बोलो इंडिया" आहे. पण तिथं मुख्यतः समोर आलेलं वाक्य वाचायचं असतं, आणि ते वाक्यच प्रमाण मराठीत असेल तर वऱ्हाडी-नागपुरी त्यात शिरणार कुठून? तरी आवाज द्याच, आपला हेल तरी जाईल.

बाकी वापराचं थोडक्यात: भाषा "मराठी (भारत)" ठेवा. लहान वाक्यं बोला. कूलर चालू असेल तर नादच सोडा, आमच्याकडं एप्रिलपासून दुपारी आई आतल्या खोलीत जाऊन बोलते. ओटीपी, बँकेचं काही माईकवर अजिबात नको.

आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात कामाचं: मोठं काही सांगायचं असेल तर आधी व्हॉइस मेसेज रेकॉर्ड करा, मग टायपिंग. मजकूर शोधायला बरा पडतो, पण बोली राहते ती रेकॉर्डिंगमध्येच. पोरीला मी सांगितलंय, आजीला दुरुस्त नाही करायचं, माईकनं खाल्लेले शब्द हातानं परत घालायचे. आता ती दोघींच्या नावानं फाईल ठेवते, खाली तारीख टाकून.