टिळकवाडीतील वीर्यतपासणी केंद्र: अहवाल चोख, विचारपूस अपुरी

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीत (धातू ओतकामाच्या कारखान्यात) भट्टीजवळ काम करणाऱ्या माझ्या धाकट्या भावाला डॉक्टरांनी वीर्यतपासणी सांगितली, म्हणून आम्ही टिळकवाडीतील एका केंद्रात गेलो. तपासणी काटेकोर आहे. दोन ते सात दिवसांचा संयम पाळला का, हे विचारूनच नमुना घेतला जातो आणि तासाभराच्या आत तो सूक्ष्मदर्शकाखाली जातो. अहवालात जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या नियमावलीतील किमान संदर्भमर्यादा, म्हणजे मिलिलिटरला १.६ कोटी शुक्राणू आणि ४२ टक्के एकूण हालचाल, स्पष्ट छापलेल्या असतात. नमुना देण्याची खोली मात्र कडी नीट न लागणारे स्वच्छतागृहच आहे. पैसे घेताना हात आखडता नसतो, मग ही तऱ्हा का? त्याहून खटकले ते हे, की कन्नड-इंग्रजी अर्जात व्यवसायाचा रकानाच नाही. हवेतील पीएम २.५ म्हणजे अतिसूक्ष्म धूलिकण, शिसे आणि भट्टीची उष्णता यांचा शुक्राणूंच्या घटत्या गुणवत्तेशी संबंध अनेक अभ्यासांत आढळला असताना, निदान फाउंड्रींच्या या गावात तरी हा प्रश्न विचारायलाच हवा. शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागत असल्याने फेरतपासणी तीन महिन्यांनी करावी, हे काउंटरवरील ताईंनी मराठीत नीट समजावून सांगितले.