कबड्डी संघाचा मुख्य प्रशिक्षक: नावाजलेला खेळाडू, पतियाळाचे सर की घरचा सहायक?

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कंपनीच्या कबड्डी संघाचं व्यवस्थापन मी सात वर्षं पाहतोय. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या मुख्य प्रशिक्षकांनी तब्येतीमुळे काम सोडलं आणि समितीपुढे तीन अर्ज आले. पहिला एका गाजलेल्या चढाईपटूचा. राज्याकडून खेळलेला, प्रो कबड्डीतही दिसलेला. दुसरा पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून पदविका घेतलेल्या, मूळच्या सांगलीकडच्या सरांचा. तिसरा आमच्याच सहायकाचा. हा आमचा माजी उजवा कोपरा, म्हणजे बचावात उजव्या टोकाला उभा राहणारा खेळाडू, बारा वर्षं याच मॅटवर घासलेला.

आमचा निर्णय झाला. पण व्यावसायिक गटात खेळणाऱ्या आणखी एका संघापुढे आज हाच पेच आहे. त्यांच्या व्यवस्थापकांनी परवा फोन करून विचारलं, "तुम्ही कसं ठरवलंत?" अर्धा तास बोलूनही निम्मं राहून गेलं, म्हणून सगळं लिहून काढतोय.

अर्ज उघडण्याआधी आम्ही गेल्या हंगामातल्या हरलेल्या सामन्यांचे व्हिडिओ बघितले. सगळ्यांत कामाचं काही झालं असेल तर ते हेच. चढाईत आम्ही कमी नव्हतो. मध्यंतराला बहुतेक वेळा पुढेच असायचो. मार खायचो तो शेवटच्या सात-आठ मिनिटांत. समोरचा तिसऱ्या चढाईला आला, म्हणजे गुण आणला नाही तर तोच बाद होणार असला, की आमचा उजवा कोपरा घाई करायचा. चढाईपटू अजून आत यायचा असतो आणि हा घोट्यावर झेपावलेला असतो. एक गुण गेला, मग दुसरा, मग लोण, म्हणजे अख्खा संघ बाद. म्हणजे आम्हाला माणूस हवा होता बचाव बसवणारा. तुमचा संघ चढाईत कमी पडत असेल तर यापुढचं माझं सगळं गणित तुम्हाला उलटं वाचावं लागेल.

दुसरी गोष्ट वेळेची. आमचा सराव संध्याकाळी साडेसहाला लागतो. दोघं रबाळ्याहून पहिल्या पाळीचं काम उरकून येतात, एक दिव्याहून, एक उरणहून. सगळे मॅटवर यायला सात वाजतात आणि साडेआठला दिवे बंद करायचे असतात. दीड तास, आठवड्यातून पाच दिवस. प्रो कबड्डीच्या संघांना हंगामाआधी आठवडेच्या आठवडे शिबिर मिळतं, सोबत फिजिओ, ट्रेनर. तिथला प्रशिक्षक आणि इथला प्रशिक्षक यांना एकाच तराजूत घालू नका.

तिघांनाही आम्ही मुलाखतीऐवजी दोन-दोन संध्याकाळी दिल्या. पोरं तीच, मॅट तीच, आणि विनंती एकच: या उजव्या कोपऱ्याची घाई मोडून दाखवा.

चढाईपटू आला त्या दिवशी कारखान्यातली माणसं घरी जायची थांबली. बोनस रेषेपलीकडे पाय टाकून जादा गुण घेणं, परतताना हात मागे सोडून मध्यरक्षकाला, म्हणजे कोपऱ्याच्या आतल्या बाजूच्या बचावपटूला, टिपणं, हे त्याने इतक्या सहज केलं की आमच्या दोन तरुण चढाईपटूंनी त्या दोन संध्याकाळी जे उचललं, ते आम्ही त्यांना वर्षभरात देऊ शकलो नव्हतो. हे मी मनापासून सांगतोय. पण कोपऱ्याच्या पोराला तो काय म्हणाला? "थांब ना रे, घाई कशाला?" पोराने मान हलवली आणि पुढच्या चढाईला पुन्हा आधीच उडी घेतली. "अरे, थांब." पुन्हा तेच. चढाईपटूला समोरच्याची घाई लांबून दिसते, आयुष्यभर त्याने तिचाच फायदा घेतलाय. ती घाई पोराच्या अंगातून काढायची कशी, हे त्याला कुणी विचारलेलंच नव्हतं.

नाव मोठं असलं की निकालही मोठा लागतो असं नाही, हे मुंबईने हॉकीत पाहिलंय. २०१३ साली हॉकी इंडिया लीग सुरू झाली तेव्हा मुंबई मॅजिशियन्सचे प्रशिक्षक होते रिक चार्ल्सवर्थ. ऑस्ट्रेलियाच्या महिलांना १९९६ आणि २००० अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं आणि पुरुषांना २०१० चा विश्वचषक मिळवून देणारा माणूस. पाच संघांत मुंबई शेवटची आली. मी दोष त्यांना देत नाही. लिलावातून जमलेला संघ महिनाभरात कुणाच्याही हाती बसणं अवघडच.

कबड्डीतलं उदाहरण आणखी जवळचं आहे. अनुपकुमारने कर्णधार म्हणून २०१५ मध्ये यू मुंबाला विजेतेपद मिळवून दिलं. त्याच्याइतकं थंड डोकं मी मॅटवर पाहिलं नाही. पुढे तो पुणेरी पलटणचा प्रशिक्षक झाला, पण चषक आला नाही. त्याच्यानंतर बी. सी. रमेश आले. पहिल्या मोसमात पुणे अंतिम फेरीत पोचलं, आणि १ मार्च २०२४ ला हरियाणा स्टीलर्सना २८-२५ असं हरवून पुण्याने पहिलं विजेतेपद घेतलं. पण इथे एक गोष्ट लोक विसरतात. तो चषक उचलणारा अस्लम इनामदार आणि त्याच्या जोडीचा मोहित गोयत ही पोरं लीगमध्ये उतरली ती अनुपकुमारच्याच हाताखाली. पेरणी एकाची, कापणी दुसऱ्याची. शिवाय रमेशही साधेसुधे नव्हेत, ते स्वतः अर्जुन पुरस्कार मिळालेले आंतरराष्ट्रीय खेळाडू. त्यामुळे 'मोठा खेळाडू चांगला प्रशिक्षक होत नाही' हे चहाच्या टपरीवरचं वाक्य मला पटत नाही. जोगिंदर नरवालने दबंग दिल्लीला कर्णधार म्हणूनही जिंकून दिलं आणि प्रशिक्षक म्हणूनही.

मनप्रीत सिंगची गोष्ट तर प्रत्येक समितीने ऐकावी. २०१६ मध्ये त्याच्या कर्णधारपदाखाली पाटणा पायरेट्स जिंकले. प्रशिक्षक झाल्यावर गुजरातला घेऊन तो दोनदा अंतिम सामना हरला, मग हरियाणाकडून तिसऱ्यांदा हरला, तोच पुण्याविरुद्धचा. पुढच्या मोसमात, डिसेंबर २०२४ मध्ये, हरियाणाला विजेतेपद. तीन अंतिम सामने हरलेल्या माणसाला चौथी संधी देणारी मंडळी आपल्याकडच्या किती समित्यांत सापडतील?

आता सरांकडे येतो. सर आले तेच वही आणि वजनकाटा घेऊन. पुरुषांच्या गटात ८५ किलोची मर्यादा. आमचा एक मध्यरक्षक तिच्या इतका काठावर होता की दोन वडापाव जास्त झाले तर बाहेर. आम्हाला पत्ताच नव्हता! पहिल्या संध्याकाळी चाळीस मिनिटं त्यांनी एकही चढाई होऊ दिली नाही. नुसती साखळी. दोघांनी हात धरायचे, शिटी झाली की डावीकडे, शिटी झाली की मागे. पोरं कंटाळली, एक-दोघं माझ्याकडे बघून डोळे फिरवत होती. दुसऱ्या संध्याकाळी तीच साखळी एका लयीत सरकायला लागली, पायांचा आवाज एकत्र यायला लागला. शिकवण्याची पद्धत म्हणून तिघांत सर एक नंबर, यात समितीत दुमत नव्हतं.

अशा शिकवणाऱ्या माणसांची किंमत आपल्याला उशिरा कळते. नाशिकच्या शैलजा जैन यांनी इराणच्या मुलींना घडवलं आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्या संघाने भारतालाच अंतिम सामन्यात २७-२४ असं हरवून सुवर्ण नेलं. ती बातमी वाचली तेव्हा वाईटही वाटलं आणि आपल्या मातीतल्या प्रशिक्षिकेचा अभिमानही वाटला.

सरांची अडचण वेगळी होती. त्यांना दिवसातून दोन सत्रं हवी होती: सकाळी व्यायाम, दुपारी चारपासून मॅट. त्यासाठी पोरांना कामातून सूट पाहिजे. मागणी शंभर टक्के बरोबर. पण आमच्या व्यवस्थापनाने ती मान्य केली नाही, आणि दीड तासात सरांची चाळीस मिनिटांची साखळी, त्यावर वीस मिनिटांचा व्यायाम बसवला तर सामन्यासारखा खेळ करायला जेमतेम अर्धा तास उरतो. तुमची कंपनी पोरांना चार वाजता सोडणार असेल तर पुढचं वाचू नका, सरांना पत्र द्या.

सहायकाची संध्याकाळ बघायला बाहेरचं कुणी आलं नाही. तो उजव्या कोपऱ्याच्या मागे जाऊन उभा राहिला आणि त्याची जर्सी पाठीमागून मुठीत धरली. समोरून चढाई आली. पोराने पुढे झुकायला सुरुवात केली तशी जर्सी पाठीवर ताणली गेली. "अजून नाही. अजून नाही." चढाईपटूचा पाय आत आला, वजन त्या पायावर पडलं. "घे!" आणि मूठ सोडली. घोटा हातात. असं दहा-बारा वेळा. मग मूठ फक्त जर्सीला टेकवलेली, धरलेली नाही. तरी पोरगं थांबत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने आणखी एक गोष्ट पकडली, जी मला सात वर्षांत दिसली नव्हती. तो म्हणाला, "भाऊ, पोरगं उतावळं नाहीये, एकटं पडतंय." चढाईपटू निदान रेषेपर्यंत, म्हणजे त्याला ओलांडावीच लागते त्या रेषेपर्यंत, यायच्या आतच शेजारचा मध्यरक्षक कोपऱ्याचा हात सोडून मागे सरकत होता. हात सुटला की कोपऱ्याला वाटायचं, आता जे करायचं ते मीच. सहायकाने मध्यरक्षकाला अर्धं पाऊल बाहेर उभं केलं आणि बजावलं, तो रेषा ओलांडेपर्यंत हात सुटता कामा नये. बस. एवढंच.

पण त्याची उणीवही मी लपवणार नाही. तिघांनाही आम्ही एक प्रसंग दिला: पाच मिनिटं बाकी, तीन गुणांनी मागे, मॅटवर आपले तिघंच, हातात तीस सेकंदांचा टाइमआऊट. सर लगेच म्हणाले, "चढाई रिकामी आणा, बोनसच्या नादी लागू नका. तिघं आहेत म्हणजे पकड झाली की अव्वल पकडीचे दोन गुण. तिथूनच सामना फिरतो." चढाईपटूनेही जवळपास हेच सांगितलं, आणि ते सांगताना त्याच्या आवाजात असा दम होता की पोरं सरळ उभी राहिली. आमचा सहायक अडखळला. पोरांना धीर देत राहिला, अव्वल पकडीचा उल्लेखच राहून गेला. शिवाय तो वही ठेवत नाही. आणि संघातला सगळ्यांत अनुभवी अष्टपैलू त्याचा जुना दोस्त. गेल्या मोसमात तो थकलेला दिसत असूनही याने त्याला बाहेर काढलं नव्हतं.

इथे समिती दोन तट पडून बसली. एक सदस्य म्हणाले, टाइमआऊटला गडबडणारा माणूस मुख्य प्रशिक्षक कसा? प्रश्न रास्त होता. माझं उत्तर असं की टाइमआऊटला काय बोलायचं ते माणूस एका हंगामात शिकतो. पोराची जर्सी कधी सोडायची हे शिकवता येतं की नाही, मला शंका आहे. आणि आमच्याकडे दिवसाला दीडच तास आहे. त्या दीड तासात पहिल्या मिनिटापासून काम सुरू करणारा माणूस आम्हाला हवा होता. पोरांची पाळी, कुणाचा गुडघा, कुणाच्या घरची अडचण हे शोधण्यात दोन महिने घालवणारा परवडणार नव्हता.

सहायकाला आम्ही नेमलं, पण हातावर हात ठेवून बसलो नाही. नेमणूक दोन हंगामांची. एका पराभवावर चर्चा उकरायची नाही, हे समितीने स्वतःवर घालून घेतलेलं बंधन. संघनिवड पूर्णपणे त्याची, मात्र बारा जणांच्या नावांपुढे कारण लिहून द्यायचं. दोस्ताचं नाव लिहिताना हात थबकला तर त्याला स्वतःलाच कळेल. सरावाची वही सक्तीची. पतियाळाच्या सहा आठवड्यांच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला पाठवायचं, खर्च कंपनीचा, पगारी रजा. चढाईपटूला आम्ही महिन्यातून दोन दिवस फक्त चढाईसाठी बोलावतो आणि तो आनंदाने येतो. मानधनाबद्दल एवढंच सांगतो की तिघांच्या अपेक्षांत फरक होता, पण निर्णय त्यावर झाला नाही.

तुमचा संघ आमच्यासारखा नसेल. क्रीडा कोट्यातून नुकतीच भरती झालेली विशी-बाविशीची पोरं असतील, संघाला अजून कसली सवयच लागलेली नसेल, तर मी सरांना घेईन. सवयी पहिल्या वर्षी लागतात, आणि त्या लावताना पोरांशी आधीची ओळख नसणं फायद्याचं ठरतं. महिला संघासाठीही मी तसंच करेन. त्यांचे डाव पंधरा-पंधरा मिनिटांचे, मैदान १२ बाय ८ मीटरचं. चूक भरून काढायला वेळ आणि जागा दोन्ही कमी, तिथे पद्धतशीर साखळीला पर्याय नाही. बचाव भक्कम आणि चढाई लंगडी असेल, तरच चढाईपटूला मुख्य प्रशिक्षक करा, आणि मग जोडीला बचाव शिकवणारा सहायक आधी शोधा, नेमणूक नंतर.

आणि एक काम ज्या संध्याकाळी ठरेल त्याच संध्याकाळी करा. ज्यांना घेतलं नाही त्यांना स्वतः फोन करा. विशेषतः तुम्ही बाहेरचा माणूस घेतला आणि घरचा सहायक डावलला, तर त्याला फोनवर नको, समोर बसवून सांगा, पोरांच्या ग्रुपवर अभिनंदनाचे मेसेज पडायच्या आधी. आम्ही सरांना सांगायला नेरूळला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा पाजला, आमच्या काठावरच्या मध्यरक्षकाचं वजन आता किती आहे ते विचारलं, आणि साखळीच्या सरावाची पानं वहीतून काढून आमच्या सहायकासाठी माझ्या हातात दिली.