बॉर्डरलाइनच्या पेशंटसाठी सांगली-मिरज पट्ट्यातलं एक खाजगी मानसोपचार हॉस्पिटल – नर्सिंगचा अनुभव

पाचपैकी चार स्टार.

हॉस्पिटलचं नाव टाकत नाहीये, कारण सांगली केवढं ते, नाव टाकलं की कुणाची मुलगी, कुठल्या कॉलनीतली हे दोन दिवसांत विश्रामबागपासून माधवनगरपर्यंत सगळ्यांना कळतं, आणि लिहू का म्हणून बहिणीला विचारलं तेव्हा तिनं एवढी एकच अट घातली. पण नाव नसलं तरी काय बघायचं ते सविस्तर लिहिते, तुम्ही दुसरीकडं कुठं गेलात तरी उपयोगी पडेल.

पेशंट माझी धाकटी बहीण. डायग्नोसिस बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. एका ठिकाणी आधी बायपोलर सांगितलं होतं, बऱ्याच जणांचं असं होतं, पण बायपोलरमध्ये मूड दिवसचे दिवस, आठवडेच्या आठवडे एका बाजूला राहतो, आणि हिचं सकाळी नऊला एकदम मजेत आणि अकराला मैत्रिणीनं फोन उचलला नाही म्हणून सगळं संपलं, असं. निकष नऊ आहेत, त्यातले किमान पाच बसले तर हे नाव देतात. माणसं सोडून जातील ही सतत भीती, आज देव वाटणारा माणूस उद्या राक्षस, आत रिकामं रिकामं वाटणं, न आवरणारा राग, स्वतःला इजा करून घेणं. घरच्यांना हे सगळं नाटक वाटतं. आमच्याकडं तर लिंबू उतरवण्यापर्यंत गेलं होतं प्रकरण.

या आजारासाठी म्हणून खास मंजूर झालेली गोळी नाही. सोबत डिप्रेशन असेल, झोप नसेल, तर त्याच्या गोळ्या देतात, पण मुख्य काम थेरपीचं. आणि ॲडमिट असताना डॉक्टर राउंडला येऊन दहा-पंधरा मिनिटं बोलून जातात, बाकी पूर्ण दिवस आणि रात्र समोर कोण असतं तर सिस्टर, ब्रदर आणि मावशी. म्हणून मी म्हणते की या आजारात हॉस्पिटल निवडताना बोर्डावरच्या डिग्र्या नंतर वाचा, आधी नर्सिंग बघा, त्यातही एकच गोष्ट बघा, सगळ्या शिफ्टचे लोक पेशंटशी एकच बोलतात का.

आधी कुठं कुठं गेलतो ते थोडक्यात सांगते, म्हणजे फरक कळेल. एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत हिच्या हाताला टाके घालताना ड्युटीवरच्या बाई म्हणाल्या, "एवढं शिकून हे धंदे? आईबापाचा तरी विचार करायचा." बहीण काही बोलली नाही, पण नंतर जखम झाली तरी ती दाखवायची बंद झाली, महिनेच्या महिने फुल बाह्या. कागदावर कुणीतरी ॲटेन्शन सीकिंग असंही लिहिलं होतं. मग घरी एका ब्यूरोकडनं चोवीस तासाची बाई ठेवली, स्वभावानं फार गोड, पण तिला म्हाताऱ्या माणसांचं करायची सवय, ट्रेनिंग तेवढंच. ही रडली की ती पण रडायची, ही चिडली की ती माहेरी निघून जायची धमकी द्यायची, आणि सोडून जाईन हेच वाक्य या पेशंटसमोर कधीच बोलायचं नसतं. त्या बाईंचा दोष नाही, त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

आता हे हॉस्पिटल. लहान आहे, वीसेक बेड, लेडीज वॉर्ड वेगळा. ॲडमिशनच्या वेळी बॅग तपासतात, काय काय काढून ठेवलं त्याची यादी करून पेशंटची सही घेतात आणि एक कॉपी तिलाच देतात. बघायला बारकी गोष्ट आहे, पण चोरासारखी झडती घेतली असं तिला वाटलं नाही. ती स्वतःच्या सहीनं ॲडमिट झाली, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तशी सोय आहे, आणि अशा पेशंटनं डिस्चार्ज मागितला तर उगाच अडकवून ठेवता येत नाही. इनचार्ज सिस्टरांनी हे तिला पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं. दार उघडं आहे हे कळल्यावर ही थांबली, नाहीतर पहिल्या रात्रीच भांडण होतं.

इनचार्ज सिस्टर सायकियाट्रिक नर्सिंगमध्ये एमएस्सी आहेत, बाकीच्या बहुतेक जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेल्या. पण त्या इनचार्जनी सगळ्यांना तयार केलंय हे दिसतं. एक उदाहरण सांगते, मी समोर बसले होते म्हणून शब्दन् शब्द आठवतोय. संध्याकाळच्या शिफ्टच्या सिस्टर बीपी बघत होत्या, तर बहीण त्यांना म्हणाली, "तुम्ही एकट्याच चांगल्या आहात इथं, सकाळची ती सिस्टर माझा नुसता रागराग करते, तुम्हीच डॉक्टरांना सांगा तिला माझ्याकडं पाठवू नका." दुसरं कुणी असतं तर खूश झालं असतं, नाहीतर जाऊन त्या सकाळच्या सिस्टरशी भांडलं असतं. या बाईंनी बीपीचा पट्टा काढला, आकडा लिहिला आणि शांतपणे म्हणाल्या, "तिच्याबद्दलचं तिलाच सांग. उद्या सकाळी ड्युटी बदलताना मी असते, हवं तर शेजारी उभी राहते." आणि खरंच राहिल्या. सकाळच्या सिस्टरांनी ऐकून घेतलं, म्हणाल्या की गोळी घेतल्यावर तोंड उघडून दाखव हे मी उद्याही म्हणणार, ते सगळ्यांनाच म्हणते, पण काल आवाज चढला होता तो चढायला नको होता. बहिणीच्या आयुष्यात असं कुणी पहिल्यांदा केलं असेल, म्हणजे तिचं ऐकलं पण आणि नियम पण बदलला नाही.

एक सिस्टर एकदम चांगली आणि दुसरी एकदम वाईट असं जे बहीण म्हणत होती, त्याला स्प्लिटिंग म्हणतात, माणसांचे दोन गट पडतात, सगळे चांगले आणि सगळे वाईट, आणि स्टाफ पण मग आपापसात भांडायला लागतो, एक गट म्हणतो बिचारी, दुसरा म्हणतो नाटकी. पेशंट हे मुद्दाम करत नाही, हे इनचार्ज सिस्टरांनी आम्हाला दोनदा सांगितलं, तिला त्या क्षणी माणूस खरंच तसाच दिसतो. उपाय म्हणजे दर शिफ्टला हँडओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना पुढच्या माणसाला सगळं सांगून जायचं, आणि काय ठरलंय ते रजिस्टरमध्ये लिहिलेलं. फोन संध्याकाळी अर्धा तास असं ठरलं, तर सकाळच्या सिस्टरनं पण तेच सांगायचं, रात्रीच्या ब्रदरनं पण तेच सांगायचं, दया आली म्हणून दहा मिनिटं वाढवून द्यायची नाहीत आणि राग आला म्हणून कमी पण करायची नाहीत. नियम थोडेच, पण कारणासकट सांगितलेले. शिक्षा म्हणून बांधून ठेवणं, खोलीत कोंडणं वगैरे काही नाही, कायद्यानंही ते चालत नाही, आणि तिथं मी तसं कुठं बघितलं नाही.

जखमेचं सांगते, कारण घरच्यांना इथंच काही सुचत नाही. ॲडमिट असताना एकदा तिनं हातावर ओरबाडून घेतलं. सिस्टर आल्या, ग्लोव्ह्ज घातले, साफ केलं, ड्रेसिंग केलं, चेहऱ्यावर राग पण नाही आणि अगं बाई गं पण नाही. लेक्चर नाही. ड्रेसिंग झाल्यावर मात्र खुर्ची ओढून बसल्या आणि विचारलं, याच्या आधीच्या तासाभरात काय काय झालं, एकेक सांग. मग दोघींनी वहीत लिहिलं, कुठली गोष्ट घडली, काय वाटलं, किती जोरात वाटलं, मग काय केलं, त्याऐवजी काय करता आलं असतं. जखमेपेक्षा त्या बोलण्याला वेळ जास्त दिला. नंतर मला समजावलं की जखमेभोवती खूप लाड झाले तर जखम हीच बोलायची भाषा होते आणि रागावलं तर ती लपवते, म्हणून लक्ष द्यायचं ते ती शब्दांत सांगते तेव्हा, भरपूर द्यायचं. मात्र जीव द्यायचं बोलली तर ते नेहमीचंच आहे म्हणून कधीच सोडत नाहीत, प्रत्येक वेळी नीट विचारतात, गरज असेल तर जवळ माणूस बसवतात. हे मला सगळ्यात पटलं, कारण या आजारात आत्महत्येचा धोका खरा असतो, नुसती धमकी म्हणून सोडून द्यायचा प्रकार नाही.

वहीची पद्धत आणि तिथं शिकवलेली बरीचशी स्किल्स डीबीटीतली आहेत, डीबीटी म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, भावना सांभाळायला शिकवणारी, ही थेरपी अमेरिकेतल्या मार्शा लिनेहान यांनी बॉर्डरलाइनसाठीच तयार केली. भावना एकदम भडकली की बर्फाच्या गार पाण्यानं तोंड भिजवायचं, त्यानं शरीर शांत होतं, पण त्याआधी हार्टचा काही त्रास आहे का हे विचारूनच शिकवलं. या लिनेहान बाई स्वतः तरुणपणी अशाच वॉर्डात ॲडमिट होत्या आणि त्यांनी ते २०११ साली सगळ्यांसमोर सांगितलं, ही गोष्ट एका सिस्टरनं बहिणीला सांगितली. त्यानंतर तिनं वही मनापासून लिहायला घेतली. कुठल्या गोळीनं झालं नसतं ते.

आता स्टार का कापला. रविवारी रात्री बदली स्टाफ असतो आणि त्यांना प्लॅन माहीत नसतो. एका रविवारी बदलीच्या सिस्टरनं हिला रात्री अकराला फोन दिला, वर "बाकीचे उगाच कडक आहेत" असं पण म्हणाल्या, झालं, आठवडाभराचं काम विस्कटलं, पुढचे दोन दिवस बाकी सगळ्या वाईट आणि ती एकटी चांगली. तक्रार केल्यावर इनचार्जनी लगेच मान्य केलं आणि बदलीवाल्यांसाठी एक पानाचा प्लॅन फाइलच्या वरच लावला, पण हे आधीपासून पाहिजे होतं. दुसरं, घरच्यांसाठी एकच मीटिंग ठेवतात. आमच्यासारख्या घराला अजून तीन-चार तरी लागतात, आई अजून "एवढं काय झालंय तुला" म्हणायचं थांबलेली नाही. तिसरं म्हणजे पूर्ण डीबीटी इथं मिळत नाही, त्यात आठवड्याचं स्वतंत्र सेशन, स्किल्सचा ग्रुप, मधेच अडचण आली तर थेरपिस्टला फोन, आणि थेरपिस्ट लोकांची आपसातली टीम असं सगळं येतं. इथं सेशन आणि स्किल्स एवढंच. पण हे त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं, त्याचे मार्क कापत नाही.

मुक्काम कमी ठेवतात, आम्हाला आधी वाटलं चांगले दोन-तीन महिने ठेवावं, तर डॉक्टर आणि सिस्टर दोघंही नको म्हणाले. या आजारात जास्त दिवस आत राहिलं की पेशंट उलट हॉस्पिटलवर विसंबतो, बाहेरच्या आयुष्यातल्या गोष्टी बाहेर राहूनच शिकायच्या असतात, ॲडमिशन फक्त वादळ जाईपर्यंत. डिस्चार्जची तारीख पण आधीच सांगितली, आदल्या दिवशी अचानक नाही, कारण निरोप हा यांचा सगळ्यात दुखरा भाग. त्या आठवड्यात तिचा त्रास वाढला, तो वाढणार हे सिस्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून आम्ही घाबरलो नाही. जाताना सेफ्टी प्लॅनचा कागद दिला, आधी कुठली लक्षणं दिसतात, एकटीनं काय करायचं, कुणाला फोन करायचा, शेवटी १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर, तो सरकारी आहे, फुकट आहे, रात्री पण लागतो आणि मराठीत बोलतात.

खर्च. बेड, नर्सिंग आणि थेरपी सेशन वेगवेगळं लावतात, आम्हाला सगळं धरून दिवसाला अडीच-तीन हजारांच्या घरात गेलं, औषधं वेगळी. इन्शुरन्सवाल्यांनी आधी मानसिक आजार बसत नाही म्हणून क्लेम परत पाठवला. त्यांना लेखी उत्तर द्या की २०१७ च्या कायद्याच्या कलम २१ प्रमाणे मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यावं लागतं, आमचा त्यानंतर पास झाला, पूर्ण नाही पण बराच. आणि हाताला जखम बघून कुणी पोलीस केसची भीती घातली तर त्याच कायद्याचं कलम ११५ दाखवा, त्यात असं धरलंय की जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस प्रचंड ताणाखाली होता, त्याच्यावर खटला चालवायचा नाही, उलट सरकारनं त्याची काळजी घ्यायची. खाजगी परवडत नसेल तर सांगलीचं सिव्हिल आणि मिरजेचं मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे.

जेवण साधं, भाकरी आणि आमटी चांगली असते. भेटायची वेळ संध्याकाळची, पार्किंगला जागा नाही, रिक्षानं गेलेलं बरं.

कुठंही ॲडमिट करायच्या आधी इनचार्ज सिस्टरांना भेटायची परवानगी मागा आणि तीन प्रश्न विचारा: शिफ्ट बदलताना हँडओव्हर लेखी होतो का, पेशंटनं स्वतःला इजा केली तर तुमच्या सिस्टर काय करतात, आणि रविवारी रात्री ड्युटीला कोण असतं. तिसऱ्या प्रश्नाला गडबडले तर त्या रात्री तुमच्यातलं कुणीतरी जवळपास थांबा.