राखमानिनोव्ह, मोझार्ट की शोस्ताकोविच: पेटीवरून पियानोवर आलेल्यांनी कुठला कॉन्चेर्टो धरावा?

पियानोच्या परीक्षांच्या चार-पाच ग्रेड झाल्या की कॉन्चेर्टोचे (एकटा वादक आणि साथीला ऑर्केस्ट्रा अशा मोठ्या रचनेचे) वेध लागतात, आणि यूट्यूबच्या कृपेने पहिलं नाव येतं ते रशियन संगीतकार राखमानिनोव्हच्या दुसऱ्या कॉन्चेर्टोचं. बेळगावात हा मोह फक्त पोरांना होतो असं नाही. टिळकवाडीत, शहापुरात लहानपणी पेटी शिकलेली आणि चाळिशीत डिजिटल पियानो घेतलेली मंडळीही त्यात आहेत. झेपणार नाही असं काही अंगावर घ्यायची हौस वाईट नाही. पण पुढचे सात-आठ महिने त्यावर घालवायचे, तर बदल्यात काय मिळणार हे आधी बघून घ्यावं.

राखमानिनोव्हचा दुसरा कॉन्चेर्टो १९०१ मध्ये पूर्ण झाला. सुरुवातीला पियानो एकटाच असतो: संथ, जड कॉर्ड्स (एकदम वाजणारे अनेक स्वर) आणि प्रत्येकीखाली घुमणारा खोल फा (म्हणजे एफ). हात मोठे नसतील तर त्या कॉर्ड्स एका झेपेत धरता येत नाहीत, स्वर खालून वर उलगडत वाजवावे लागतात. तसं नावाजलेले वादकही करतात, त्यात कमीपणा नाही. पण तो खालचा फा एकसष्ट पट्ट्यांच्या कीबोर्डवर नसतोच. म्हणजे पहिल्याच ओळीत गाडी अडली.

खरी मेख पुढे आहे. ज्या सुरावटीवर आपण भाळतो, ती तिथे पियानोकडे नाहीच. ती व्हायोलिन, व्हायोला आणि क्लॅरिनेटकडे आहे, आणि पियानोवाला तिच्याखाली भरधाव आर्पेजिओ, म्हणजे कॉर्डचे स्वर एकामागून एक, वाजवत बसतो. घरी एकट्याने रियाज करणाऱ्याला महिनोन्‌महिने ऐकू येतात त्या नुसत्या लाटा. बेळगावात ऑर्केस्ट्रा आणायचा कुठून? बॅकिंग ट्रॅक लावला तर तो कोणासाठी थांबत नाही, आणि शिकणाऱ्याला तर दर चार ओळींनी थांबायचं असतं.

आपल्याकडची आणखी एक अडचण आहे. पेटीवादक पं. रामभाऊ विजापुऱ्यांच्या या गावात पेटीवर तयार झालेला उजवा हात दुर्मीळ नाही. डाव्या हाताचा जन्म मात्र भाता हलवण्यात गेलेला असतो. असा विद्यार्थी पियानोवर बसला की डावीकडे बघा: अनामिका दाबली की करंगळीही खाली जाते, अंगठा पट्ट्यांबाहेर लोंबतो आणि मनगट कडक झालेलं असतं. हा हात राखमानिनोव्हच्या लांब उड्यांना जुंपला की कोपरापर्यंत दुखायला लागतो. ते दुखणं ‘सवय होईल’ म्हणून रेटायचं नसतं, तिथेच थांबायचं असतं.

आता मोझार्ट. ए मेजरमधला के. ४१४ (‘के.’ म्हणजे मोझार्टच्या रचनांच्या यादीतला क्रमांक) हा कॉन्चेर्टो १७८२ चा. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मोझार्टने वडिलांना लिहिलं की हा आणि याच्यासोबतचे कॉन्चेर्टो फार सोपं आणि फार अवघड यांच्या बरोब्बर मधले आहेत. डाव्या हाताला काम आहे, पण ते साथीचं आणि आटोक्यातलं. पट्ट्यांचंही बऱ्यापैकी जुळतं. मोझार्टच्या पियानोलाही पाचच सप्तकं, म्हणजे एकसष्ट पट्ट्या होत्या. फक्त त्या फा ते फा होत्या आणि दुकानातला कीबोर्ड सा ते सा (म्हणजे सी ते सी) असतो, त्यामुळे तळाचे काही स्वर तेवढे निसटतात. शिवाय हा आणि त्याच्या जोडीचे दोन कॉन्चेर्टो दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो एवढ्यांवरही वाजवता येतील असं मोझार्टनेच जाहीर केलं होतं. ऑर्केस्ट्रा नसला तरी गोव्याहून तंतुवाद्यांचे चार जण बोलावणं अगदीच अशक्य नाही.

मात्र मोझार्टला सोपं समजून जाऊ नका. पेडलच्या धुक्यात चूक लपवायची सोय इथे नाही. एक सूर जड पडला तरी मागच्या रांगेत कळतं. त्याच्याच के. ४८८ मधली संथ मूव्हमेंट (कॉन्चेर्टोचा एक भाग) कागदावर तर रिकामीच दिसते. स्वर थोडे म्हणून ती घ्याल, तर प्रत्येक स्वर अंगावर येईल.

हायडनचा डी मेजर कॉन्चेर्टो बोटं चपळ असतील तर बारा-चौदा वर्षांच्या मुलांना छान बसतो. काबालेव्स्कीचा तिसरा, १९५२ चा, तरुण वादकांसाठीच लिहिलेला आहे. कष्टांच्या मानाने आवाज मोठा निघतो, शाळेच्या गॅदरिंगला टाळ्या हमखास.

पण राखमानिनोव्हच हवा असं ज्यांच्या मनाने घेतलंय, त्यांना त्या कळकळीच्या सुरावटीची ओढ असते, हायडनची नव्हे. त्यांना मी शोस्ताकोविचच्या दुसऱ्या कॉन्चेर्टोची संथ मूव्हमेंट सुचवेन. मुलगा माक्सिम याच्या एकोणिसाव्या वाढदिवसासाठी त्याने हा १९५७ मध्ये लिहिला, आणि पुढे एका पत्रात त्याला कलामूल्य नाही असंही म्हणून टाकलं. त्याचं त्याच्यापाशी. या मूव्हमेंटमध्ये साथीला तंतुवाद्यं आणि एक हॉर्न एवढंच, आणि मुख्य सुरावट पियानोच्या हातात. त्यामुळे एकट्याने वाजवलं तरी संगीत ऐकू येतं. अवघड आहे ते दोनास तीन, चारास तीन बसवणं, म्हणजे एका हाताच्या दोन किंवा चार स्वरांच्या वेळात दुसऱ्या हाताचे तीन. लयकारी कानावर असलेल्याला ते आधी हाताने ताल देऊन बसवता येईल. एकच लक्षात ठेवा: ही मूव्हमेंट न थांबता तिसरीत शिरते, म्हणून कार्यक्रमात एकटी वाजवायची तर शेवट शिक्षकांकडून नीट ठरवून घ्या. तिसरीत मधूनच सात मात्रांचा भाग येतो. रूपक अंगात असेल तर तो परका वाटणार नाही, पण तिचा वेग हे पुढच्या काही वर्षांचं काम आहे.

तरीही मन राखमानिनोव्हवरच अडलं असेल, तर सुरुवातीचं पान नको. स्वरांच्या गर्दीने सर्वांत काळंकुट्ट दिसणारं पान उघडा आणि फक्त डावा हात, निम्म्या लयीत, पंधरा दिवस वाजवून बघा. हात मोकळा राहून तेवढं निघालं तर जरूर धरा. नाही निघालं तर के. ४१४ ची दोन पियानोंची प्रत मागवा. तीत ऑर्केस्ट्राचा भाग दुसऱ्या पियानोसाठी लिहिलेला असतो, आणि तो शिक्षकांना क्लासमधल्या दुसऱ्या कीबोर्डवर वाजवता येतो.