२००:१ कोरफड पावडर: घरच्या जेलसाठी कितपत कामाची?

पाकिटावरचा २००:१ हा आकडा वाचून अनेकांचा समज होतो, की ही पावडर ताज्या गरापेक्षा दोनशेपट गुणकारी आहे. तसं नाही. कोरफडीच्या गरात ९९ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. २०० ग्रॅम रस वाळवला की हाती १ ग्रॅम पावडर उरते, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. म्हणून ०.५ ग्रॅम पावडर ९९.५ ग्रॅम पाण्यात विरघळवली की ताज्या रसाइतक्या ताकदीचा रस तयार होतो. ‘जास्त घातलेलं बरं’ म्हणून दोन-तीन टक्के घातली, तर जेल सुकताना त्वचा ओढल्यासारखी होते आणि हात चिकट राहतात.

हा रस पाण्यासारखा पातळ असतो, त्यामुळे पावडर बनावट आहे असं लगेच ठरवू नका. पानातला गर घट्ट दिसतो तो पेशींच्या जाळ्यामुळे आणि लांब साखळीच्या शर्करांमुळे. गाळताना आणि वाळवताना जाळं जातं, साखळ्याही काही प्रमाणात तुटतात. घट्टपणा आपल्यालाच आणावा लागतो.

१०० ग्रॅम जेलसाठी जमणारं प्रमाण: डिस्टिल्ड वॉटर ९४.७ ग्रॅम, ग्लिसरीन ३, झँथन गम (घट्टपणा आणणारी पावडर) ०.८, पावडर ०.५, फिनॉक्सिएथेनॉल असलेलं प्रिझर्व्हेटिव्ह १ ग्रॅम. झँथन आधी ग्लिसरीनमध्ये कालवा. थेट पाण्यात टाकलं तर माशाच्या डोळ्यांसारख्या गुठळ्या होतात आणि त्या फुटता फुटत नाहीत. पावडर पाण्यावर भुरभुरत ढवळा, पाणी गरम करू नका. शेवटी पीएच (आम्लतेचं माप) ४.५ ते ५.५ दरम्यान आणा. कार्बोमर या दुसऱ्या घट्ट करणाऱ्या पदार्थाचं जेल मात्र या पावडरीने पातळ पडू शकतं, कारण तिच्यातले क्षार कार्बोमरची पकड सैल करतात. झँथनला तो त्रास फारसा होत नाही.

प्रिझर्व्हेटिव्ह टाळायचा मोह अजिबात नको. पाणी आणि शर्करा एकत्र आल्या की जंतूंना मेजवानीच. असं जेल फ्रिजमध्येही काही दिवसांत बिघडतं, आणि वास येण्याआधीच त्यात जंतू वाढलेले असू शकतात.

खरेदी करताना घटकांच्या यादीत माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पावडर) आहे का ते बघा. स्प्रे ड्रायिंगमध्ये, म्हणजे रस गरम हवेत फवारून वाळवताना, ते आधार म्हणून घालतात. भरपूर असेल तर २००:१ या आकड्याला अर्थच उरत नाही. फ्रीज ड्राय केलेली (गोठवून वाळवलेली), फक्त आतल्या गराची, पांढरट ते फिकट बदामी पावडर घ्यावी. हिरवी असेल तर सोडून द्या. आतला गर हिरवा नसतोच. पावडर हवेतलं पाणी भराभर ओढते, त्यामुळे सिलिका जेलची पुडी नसलेलं, नुसतं दुमडून बंद केलेलं पाकीट म्हणजे महिन्याभरात दगड.

घरी झाड असेल तर ताजा गर सुंदरच. पान कापून पंधरा-वीस मिनिटं उभं ठेवा, पिवळा चीक निथळू द्या, धुऊन मगच सोला. पण दर पानाचा घट्टपणा वेगळा, शिवाय मिक्सरमध्ये फिरवला की फेस आणि तंतू. एकसारखं जेल पुन्हा पुन्हा करायचं असेल तर पावडरच सोयीची.

सौंदर्यप्रसाधनांसाठीची पावडर पिऊ मात्र नये. पिण्याच्या कोरफडीसाठी इंटरनॅशनल अलो सायन्स कौन्सिलने अलोइनची (पिवळ्या चिकातल्या रेचक द्रव्याची) मर्यादा १० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १० भाग, ठेवली आहे; पाकिटावर ‘खाद्य दर्जा’ नसेल तर ती पाळली असल्याची खात्री नाही.