ओसाफुनेची वाकिझाशी: नऊ महिन्यांचा अनुभव

फेब्रुवारीत तोक्योत एक जुनी वाकिझाशी विकत घेतली, त्याला आता नऊ महिने झाले. वाकिझाशी म्हणजे एक ते दोन शाकू, साधारण ३० ते ६० सेंटिमीटर पात्याची आखूड तलवार. सामुराई ती लांब तलवारीच्या जोडीला कमरेला खोचत. हिचं पातं ४७ सेंटिमीटर. मुठीत दडणाऱ्या भागावर 'बिशू ओसाफुने सुकेसादा' अशी सही आहे, काळ सोळावं शतक.

त्या सहीवर भाळून घेऊ नका, हे आधीच सांगते. ओकायामाकडच्या ओसाफुने गावात सुकेसादा नाव लावणारे कितीतरी लोहार होते, आणि तो काळ सततच्या लढायांचा. हत्यारं ढिगाने घडत होती. खास सांगून घडवलेल्या पात्यावर बहुधा लोहाराचं वैयक्तिक नाव, उदाहरणार्थ योसोझाएमोन, आणि तारीखही कोरलेली असते. माझ्या पात्यावर यातलं काही नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही.

आता वापर. वापर म्हणजे बघणं. पहिले दोन महिने मला काही म्हणजे काही दिसलं नाही. ट्यूबलाइटखाली नुसती पांढरी पट्टी. मग सगळे दिवे मालवून एकच बल्ब ठेवला, पातं डोळ्यांच्या रेषेत धरून टोक बल्बाकडे किंचित वर-खाली केलं, आणि धारेच्या कडेने पहाटेचं धुकं उतरावं तशी हामोनची, म्हणजे कडक धार आणि मऊ पाठ यांमधल्या सीमारेषेची, नागमोड उजळली. मी त्या रात्री जेवायचं विसरले.

ते धुकं रंगवलेलं नसतं. पात्याच्या पाठीवर मातीचा जाड लेप, धारेकडे पातळ, आणि लालबुंद पातं पाण्यात. धार झटकन निवते म्हणून कडक होते, पाठ सावकाश निवते म्हणून चिवट राहते. दोन्हींच्या सीमेवरचे पोलादाचे कण म्हणजे ते धुकं. बिझेन परंपरेत (ओसाफुने ज्या जुन्या प्रांतात येतं तो बिझेन; सहीतलं 'बिशू' म्हणजे तोच) हे कण इतके बारीक की सुटे दिसतच नाहीत; त्याला निओई म्हणतात. आपला लोहारही कोयत्याला पाणी देतोच, पण दिलेलं पाणी पाचशे वर्षांनी असं डोळ्यांना दिसावं, हे मला अजून पचत नाही.

देखभालीत माझ्याकडून एक चूक झाली. जूनच्या पावसाळी दमटपणात पातं दाखवताना माझा अंगठा पाठीला लागला आणि मी तो न पुसता पातं म्यानात घातलं. तीन आठवड्यांनी तिथे तिळाएवढा तांबूस डाग. धार लावणारे तोगिशी म्हणाले, घासू नका, तेल लावा आणि लक्ष ठेवा. प्रत्येक पॉलिशमध्ये पोलाद झिजतं आणि ते परत येत नाही. डाग आहे तिथेच आहे, वाढलेला नाही. दुकानदाराने दिलेल्या कागदावर दर आठवड्याला उचिको, म्हणजे दगडाची पूड, ठोकायला सांगितलं होतं. मी ते बंद केलं, कारण त्या पुडीने बारीक ओरखडे पडतात. महिन्यातून एकदा मऊ कापडाने जुनं तेल पुसायचं आणि लवंगेच्या वासाच्या तेलाचा नवा, अगदी पातळ हात द्यायचा. मुठीतल्या भागावरचा काळा गंज मात्र कधीच काढू नका; त्यावरूनच जाणकार वय ओळखतात.

कागदपत्रांचा त्रास झाला नाही. तलवारीसोबत नोंदणीपत्र मिळतं, आणि मालक बदलला की २० दिवसांत प्रांताच्या शिक्षण मंडळाला कळवायचं.

मे महिन्यात ओसाफुनेला जाऊन आले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस योशिई नदीच्या पुराने हे लोहारांचं गाव जवळजवळ धुऊन नेलं. आज तिथे तलवारींचं संग्रहालय आहे. गाव ज्या सेतोउची शहरात येतं, त्याने २०२० साली सान्चोमो ही राष्ट्रीय ठेवा असलेली तलवार लोकांच्या देणग्यांतून सुमारे ५० कोटी येनला विकत घेतली. तिच्यापुढे माझी वाकिझाशी काहीच नाही, तरी दोघींची माती एकच, हे काचेपुढे उभं राहून फार जाणवलं.

दसऱ्याला आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "अगं, कुंकू लाव तिला." ओलं कुंकू पात्याला कसं लावणार? साध्या लाकडी म्यानाखाली पांढरा कागद घातला, बोट कागदावर टेकवलं, शेजारी झेंडूचं फूल ठेवलं. मग आईसाठी पातं म्यानातून काढलं, मोबाईलचा कॅमेरा बल्बाच्या कोनात धरला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "थांब, तिथेच धर. दिसलं."