सव्वादोन एकर जागा आणि गवत कापायची हौस: राइडिंग मोअर एक हंगाम वापरल्यानंतर

राइडिंग मोअरची, म्हणजे वर बसून चालवायच्या गवत कापायच्या यंत्रांची, बहुतेक परीक्षणं एकाच प्रश्नाभोवती फिरतात: काम किती लवकर उरकेल? मोठ्यात मोठा डेक (पाती झाकणारा खालचा भाग) घ्या, झीरो-टर्न (जागच्या जागी वळणारा मोअर) घ्या, शनिवार मोकळा करा. मला शनिवार मोकळा करायचा नव्हता. मला लॉन कापायला मनापासून आवडतं. नुकत्याच कापलेल्या गवताचा वास, एका बाजूला वाढत जाणारा नीट भाग, आणि त्या वेळात फोन नाही, मीटिंग नाही. ज्यांना हे आवडतं त्यांनी यंत्र निवडताना मिनिटं मोजू नयेत, सीटवर बसून काय वाटतं ते बघावं, असं माझं ठाम मत एप्रिल ते नोव्हेंबर वापरून झालं आहे. तेच सविस्तर लिहिते.

आम्ही अमेरिकेत, ओहायो राज्यात, कोलंबस शहराच्या उत्तरेला राहतो. जागा सव्वादोन एकर, म्हणजे आपल्या हिशेबात नव्वद गुंठे. घर, ड्राइव्हवे आणि झाडांखालची आळी सोडली तर दोन एकरांच्या आतबाहेर गवत. पुढे मेपल, मागे ओक. मागची बाजू उताराची, आणि उतार संपतो तिथे पावसाचं पाणी साठवायचं तळं. जमीन चिकणमातीची, गवत टॉल फेस्क्यू आणि केंटकी ब्लूग्रास यांचं मिश्रण. हे सगळं सांगायचं कारण असं, की निवड शेवटी या तपशिलांवरच ठरली. सपाट, मोकळी जागा असती तर कदाचित मी वेगळं काही लिहिलं असतं.

घेतला तो स्टिअरिंगवाला लॉन ट्रॅक्टर: ४८ इंची डेक, दोन सिलिंडरचं व्ही-ट्विन इंजिन, हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबावर चालणारा) गिअर, पायाखाली पुढे जायचं आणि मागे जायचं अशी दोन पेडल्स. मॉडेल नंबर देत नाही, कारण ते दर दोन-तीन वर्षांनी बदलतात. आत काय आहे ते बघायची सवय लागली तर कुठल्याही दुकानात उपयोगी पडते. वेगवेगळ्या रंगांच्या मोअरमध्ये इंजिन पुष्कळदा कावासाकी, कोहलर किंवा ब्रिग्स अँड स्ट्रॅटन यांचंच असतं, आणि चाकं फिरवणारा ट्रान्सअ‍ॅक्सल टफ टॉर्क किंवा हायड्रो-गिअरचा. सेल्समन हॉर्सपॉवर सांगतो. ट्रान्सअ‍ॅक्सल कुठला ते आपण विचारायचं. टफ टॉर्कचा के-४६ हा हलक्या कामाचा, सपाट लॉनसाठी पुरेसा. उतारावर तासभर चढ-उतार करायचा, मागे भरलेली ट्रॉली ओढायची, तर त्याच्या वरचा घ्यावा. तेल तापलं की हायड्रोस्टॅटिकचा जोर कमी होतो, आणि ते नेमकं चढावरच जाणवतं. याच कारणाने मी सगळ्यात स्वस्त, दोन-अडीच हजार डॉलरवाल्या वर्गातून एक पायरी वर गेले. ते पैसे सत्कारणी लागले.

आता झीरो-टर्न का नाही. दोन हातांत दोन दांड्या, मागची दोन्ही चाकं स्वतंत्र चालतात, पुढची चाकं नुसती गरगर फिरणारी. जागच्या जागी वळतो, झाडाभोवती असा फिरतो की बघत राहावं. डीलरच्या आवारात आणि एका मैत्रिणीच्या लॉनवर मी चालवून बघितला. गंमत आहे, यात वाद नाही. सपाट जागा, भरपूर झाडं आणि वाफे असतील तर डोळे मिटून तोच घ्या. टोरो कंपनीच्या टाइमकटर या झीरो-टर्नमधल्या काही मॉडेल्सना मायराइड सस्पेन्शन येतं, सीटपासून पाय ठेवायच्या जागेपर्यंत सगळं स्प्रिंगवर. पाठीचा त्रास असणाऱ्यांनी ते जरूर बसून बघावं.

माझी अडचण उताराची आणि तळ्याची. झीरो-टर्नला वळणं आणि थांबणं दोन्ही मागच्या चाकांच्या पकडीवर असतं. ओल्या गवतावर ती सुटली की दिशाही जाते आणि ब्रेकही, आणि खाली पाणी असेल तर विचारच नको. स्टिअरिंगवाल्या ट्रॅक्टरलाही मर्यादा आहेच. बहुतेक मॅन्युअलमध्ये १५ अंशांच्या वरच्या उतारावर जाऊ नका असं लिहिलेलं असतं, म्हणजे शंभर फुटांत साधारण २७ फूट चढ. डोळ्यांना उतार फसवतो. एक सरळ फळी जमिनीवर ठेवून तिच्यावर फोनमधलं लेव्हल लावा आणि मोजा. माझा उतार मर्यादेच्या बराच आत आहे, तरी तळ्याच्या काठचा पट्टा मी ढकलायच्या मोअरने कापते आणि पुढेही तसाच कापणार. राइडिंग मोअर उतारावर वर-खाली चालवायचा, आडवा नाही. ढकलायचा मोअर नेमका उलटा, आडवा. दोन्ही यंत्रं घरात असतील तर हे पक्कं लक्षात ठेवा. कब कॅडेट कंपनीचा स्टिअरिंग व्हील असलेला झीरो-टर्नही मिळतो. त्यात पुढची चाकं खरोखर वळवता येतात. तो मला आवडला होता, पण किंमत माझ्या आवाक्याबाहेर गेली.

वेगाचा हिशेब सोपा आहे. डेकची रुंदी इंचांत, गुणिले ताशी मैल, भागिले ९९: इतके एकर तासाला, तेही वळणं न धरता. माझा ४८ इंची डेक साडेतीन मैलांनी चालवला तर कागदावर १.७ एकर, वळणं आणि एकमेकांवर चढणारे पट्टे धरले की सव्वा-दीडच्या दरम्यान. झाडांसकट मला दोन तास लागतात. ५४ इंची झीरो-टर्न सात मैलांनी पळवला तर पाऊण तासात काम होईल. पण कापणी तशी होत नाही, आणि त्याला कारण आहे. पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांपेक्षा जास्त नसावा असं अमेरिकेतलं सुरक्षा-मानक आहे, त्यामुळे स्वस्त-महाग कुठल्याही यंत्राचं पातं फार वेगळ्या वेगाने फिरत नाही. मग तुम्ही दुप्पट वेगाने पुढे गेलात की त्याच गवतावरून पातं निम्म्या वेळा फिरतं. मे महिन्यातल्या दाट गवतात हे लगेच दिसतं: अर्धवट कापलेल्या काड्या, मागे राहिलेले ओले गठ्ठे. सावकाश चालवलं की गवत उभं राहतं, स्वच्छ कापलं जातं, बारीक होऊन खाली बसतं. ज्याला कापायला आवडतं तो तसाही सावकाशच चालवतो.

आनंदाचा मोठा भाग पेडलमध्ये आहे. हायड्रोस्टॅटिकमध्ये क्लच नाही, गिअर टाकणं नाही. पाय जरा सैल केला की वेग कमी, दाबला की जास्त. फेंडरवरच्या (मागच्या चाकावरच्या पत्र्यावरच्या) दांडीने वेग ठरवायची मॉडेल्सही असतात. स्वस्त पडतात, पण प्रत्येक झाडापाशी हात स्टिअरिंगवरून काढावा लागतो. मी ती एका फेरीतच नाकारली.

जूनमध्ये आमचे अण्णा खटावहून आले होते. आधी त्यांना पटेचना, एवढं हिरवं गवत कापायचं आणि तिथेच टाकून द्यायचं? त्यांच्याकडे उन्हाळ्यात वैरणीची काय किंमत असते ते मलाही माहीत आहे. मी सांगितलं, की बारीक होऊन पडलेलं गवत जमिनीतच मुरतं आणि नत्राच्या खताची बरीच गरज भागवतं. ते पटलं. मग म्हणाले, "बाजूला सर, मी बघतो जरा." इंजिन, ब्रेक, पात्याचं बटण सगळं नीट समजून घेतलं आणि पहिलीच ओळ अशी सरळ मारली की मी बघत राहिले. म्हणाले, "चाकाकडं काय बघतीस? पल्याडच्या खुणंकडं बघ." कुळव धरताना ते हेच करत आले. तेव्हापासून माझे पट्टे सरळ येतात. पहिली ओळ दूरच्या खांबावर नजर ठेवून मारायची, बाकीच्या तिला धरून. दर वेळी दिशा बदलायची, नाहीतर चाकांच्या खोल खुणा पडतात आणि गवत एकाच बाजूला झुकून वाढतं.

गवत किती कापायचं यावर मात्र तडजोड नाही. एका वेळी उंचीच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. मी साडेतीन इंचांवर ठेवते. एप्रिलअखेर ते जूनच्या सुरुवातीपर्यंत यासाठी पाच-सहा दिवसांनी बसावंच लागतं, आणि खरं सांगायचं तर तेच दिवस सगळ्यात सुखाचे. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस ओढला की गवत पिवळं पडून झोपतं. तेव्हा त्याच्यावर यंत्र घालू नये. हौस कितीही असली तरी.

आता तक्रारी. पहिली डीलरबद्दल. यंत्र घरी आलं तेव्हा डेक समपातळीत नव्हता आणि पहिल्याच कापणीत गवतात पायऱ्या पडल्या. "सगळं तपासून देतो" असं सांगून बिलात तयारीचे पैसेही लावलेले होते. मी टायरमधली हवा मोजली, डेकच्या दोन्ही बाजू सारख्या केल्या, पुढची कड मागच्यापेक्षा पाव इंच खाली ठेवली, आणि पायऱ्या गेल्या. यंत्र आलं की हे आधी करा. टायरमधली हवा कमी-जास्त असेल तर बाकी सगळी मापं चुकतात.

दुसरी तक्रार सीटची. बारीक, कडक. एवढ्या किमतीत अशी सीट देणं मला मुळीच पटत नाही. उंच पाठीची सीट वेगळी घेऊन बसवली आणि फरक इतका आहे की नव्याने घेणाऱ्याला मी सांगेन, एखादं इंजिन खालचं घ्या पण सीट वरची घ्या. तिसरी, डेक धुवायला पाइप लावायची जागा. आमच्याकडच्या ओल्या गवताचा थर त्याने निघत नाही. डेकखाली खरवडावंच लागतं, तेही स्पार्क प्लगची वायर काढून. चौथी, कापलेलं गवत गोळा करायच्या मागच्या पिशव्या. ओली पानं आली की नळी तुंबते. ऑक्टोबरपासून पिशव्या लावणं बंद केलं आणि पानं मल्चिंगच्या पात्यांनी जागीच बारीक केली. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधनात पानांचा बऱ्यापैकी जाड थरही असा लॉनमध्ये जिरवता येतो असं दिसलं आहे. आमच्या ओकच्या पानांना दोन फेऱ्या लागल्या, पण काळजीचं काही दिसलं नाही.

मागे जाताना पाती चालू ठेवायची तर दर वेळी किल्ली एका खुणेवर फिरवावी लागते. याबद्दल पुष्कळ लोक कुरकुर करतात, काही जण ती सोय वायर तोडून बंदच करतात. तसं अजिबात करू नका. मागून मूल धावत येईल हीच त्यामागची भीती आहे. आणि आपल्या लोकांना एक कळकळीने सांगते: गावाकडे ट्रॅक्टरवर मांडीवर पोराला बसवून चक्कर मारायची सवय आपल्यात आहे. राइडिंग मोअरवर ते कधीही नाही, पाती बंद असली तरी नाही. एकदा बसवलेलं मूल पुढच्या वेळी इंजिनचा आवाज ऐकून तुमच्याकडेच धावत येतं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीची शिफारस १६ वर्षांखालच्या मुलांनी राइडिंग मोअर चालवू नये अशी आहे. भाचरं आली की मी मोअर काढतच नाही.

आवाजाचा मुद्दा परीक्षणांत फार कमी येतो. पेट्रोलचा मोअर चालवणाऱ्याच्या कानाशी आवाज ९० डेसिबलच्या आसपास असतो. ८५ डेसिबलला आठ तास आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, असा इथल्या आरोग्य संस्थेचा हिशेब. म्हणजे ९१ ला दोनच तास, बरोबर माझ्या एका कापणीएवढे. कानांवर इअरमफ घालूनच बसते. ब्लूटूथवाले मिळतात, त्यावर नाट्यगीतं लावते. आवाज मात्र बेताचा, नाहीतर उपयोग काय.

याच कारणाने बॅटरीवाल्याचा मी गंभीरपणे विचार केला होता. इगो कंपनीचा ५६ व्होल्टचा झीरो-टर्न चालवून बघितला. इंजिनची घरघर नाही, पेट्रोलचा वास नाही, तेल बदलणं नाही. एकरभर लॉन असेल तर मी तोच घेतला असता. माझ्या जागेला मे महिन्यातल्या गवतात बॅटऱ्या अगदी काठावर पुरल्या असत्या, आणि उतारावर तोच झीरो-टर्नचा प्रश्न.

देखभालीत मला त्रास वाटला नाही, उलट आवडतं. पहिलं तेल मॅन्युअलमध्ये दिलेल्या तासांना बदललं, पेट्रोल दहा टक्क्यांपेक्षा जास्त इथेनॉलचं कधी घातलं नाही, आणि हिवाळ्यासाठी टाकीत स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं द्रव्य) घालून इंजिन थोडा वेळ चालवलं, म्हणजे ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचतं. पाती साधारण पंचवीस तासांनी धार लावायला काढते. बोथट पात्याने गवत कापलं जात नाही, फाटतं, आणि दोन दिवसांत टोकं पांढुरकी दिसतात. धार लावल्यावर पातं मधल्या भोकातून खिळ्यावर टांगून बघा. एक बाजू खाली गेली तर ती बाजू अजून घासा, नाहीतर सगळं यंत्र थरथरतं. तिन्ही पात्यांचा दुसरा संच आणून ठेवला आहे. धार लावून येईपर्यंत आठवडा जातो, आणि मे महिन्यात गवत तेवढं थांबत नाही.